पागोळीखालची माती

प्रेशर वॉशरचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येत असतीलच. हातात पाण्याची बंदूक, समोर काळवंडलेली भिंत, आणि धार जिथून फिरते तिथून स्वच्छ पट्टा उघडा पडत जातो. मागे म्युझिक. झोपायच्या आधी असे चार-पाच व्हिडिओ बघून शांत वाटतं म्हणतात. वाटतंही, मीही बघते. पण त्या व्हिडिओत एक गोष्ट कधीच दाखवत नाहीत. भिंतीवरून जे वाहून गेलं ते कुठं गेलं? खाली जमिनीवर उतरलं, एवढं तर उघड आहे. मग पुढं?

या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो सुरू होतो ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधल्या ब्रिस्बेन शहरात.

आधी तिथली घरं डोळ्यासमोर आणा. लाकडी घर, खांबांवर जमिनीपासून उचललेलं, वर पत्र्याचं छप्पर आणि बाजूंनी रुंद व्हरांडा. व्हरांडा हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातच उचलला आणि जिथं जिथं ऊन कडक तिथं तिथं नेला. ब्रिस्बेनच्या उकाड्यात लहान मुलांचा दिवस त्या व्हरांड्यातच जायचा. आपल्या चाळीतल्या पोरांचा गॅलरीत जातो तसाच. कठड्याला धरून उभं राहायचं, कठड्यावर हनुवटी टेकून रस्ता बघायचा, कठड्याच्या गजांतून खाली खेळणी टाकायची. आणि हे कठडे रंगवलेले असत.

१८८९ साली आल्फ्रेड जेफरिस टर्नर नावाचा लंडनमध्ये शिकलेला तरुण डॉक्टर ब्रिस्बेनच्या मुलांच्या इस्पितळात रुजू झाला. (हा माणूस पतंगांचा, म्हणजे दिव्याभोवती फिरणाऱ्या कीटकांचा, मोठा अभ्यासक होता. त्यानं कितीतरी जाती प्रथम नोंदवल्या. बारीक गोष्टी बघायची सवय त्याला तिथूनही असेल.) त्याच्याकडे विचित्र आजाराची मुलं यायला लागली. पोटात भयंकर कळा, बद्धकोष्ठ, चेहरा पांढराफटक. पाय पुढून लुळे पडलेले, चालताना पाऊल फरफटतंय. काहींच्या हिरड्यांवर निळसर काळी रेघ. ही सगळी लक्षणं एका कामाच्या माणसांमध्ये डॉक्टरांनी आधी पाहिलेली होती: रंगारी, नळकाम करणारे, शिशाच्या कारखान्यातले मजूर. शिशाची विषबाधा. पण चार वर्षांची पोर काय कारखान्यात जाते?

१८९२ मध्ये टर्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही प्रकरणं वैद्यकीय परिषदेत मांडली. क्वीन्सलँडच्या मुलांना शिसं बाधतंय इतकं ठरलं. ते येतंय कुठून हे ठरेना. पावसाचं पाणी साठवायच्या टाक्यांवर संशय गेला, इतर वस्तूंवर गेला. वर्षं गेली.

मग आला जॉन लॉकहार्ट गिब्सन. हा डोळ्यांचा डॉक्टर. त्याच्याकडे या आजाराची वेगळी बाजू यायची: मुलांना एकाएकी तिरळं दिसायला लागायचं, काहींची नजर जायची. गिब्सननं दवाखान्यातून उठून मुलांची घरं बघायला सुरुवात केली. १९०४ साली त्यानं एक लेख छापला. त्याच्या शीर्षकातच उत्तर होतं: रंगवलेले कठडे आणि खोल्यांच्या रंगवलेल्या भिंती.

त्याचं म्हणणं काय होतं ते नीट समजून घेऊ, कारण आपला आजचा सगळा विषय त्यातच आहे.

त्या काळी घराला लावायचा चांगला पांढरा रंग म्हणजे सफेदा. शिशापासून बनवलेली पांढरी पूड जवसाच्या तेलात घोटायची. ही पूड करायची जुनी डच पद्धत ऐकण्यासारखी आहे. मडक्यात व्हिनेगर घालायचं, वर शिशाचे पत्रे ठेवायचे, अशी मडकी घोड्याच्या लिदीत थरांवर थर रचून कित्येक आठवडे बंद करून ठेवायची. लिदीची ऊब, व्हिनेगरची वाफ आणि कुजण्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड मिळून शिशावर पांढरी खपली धरत जाते. ती खरवडली की झाला सफेदा. आणि खरं सांगायचं तर रंग उत्तम होता. लाकडाला घट्ट धरायचा, लाकूड फुगलं-आक्रसलं तरी त्याच्याबरोबर हलायचा, वर्षानुवर्षं टिकायचा. लोक मूर्ख होते म्हणून तो लावत होते असं नाही.

अडचण उन्हात होती. ऊन वरच्या थरातलं तेल हळूहळू खाऊन टाकतं. तेलानं धरून ठेवलेली पूड मग मोकळी होते. जुन्या भिंतीला हात लावल्यावर तळव्याला पांढरं लागतं ना, तेच. इंग्रजीत रंगाच्या धंद्यातले लोक याला चॉकिंग म्हणतात, खडूसारखं होतं म्हणून. क्वीन्सलँडचं ऊन म्हणजे काय विचारता! कठड्यावर पिठासारखी पूड तयारच असायची. घामेजलेला छोटा हात कठड्याला लागला की पूड हाताला, मग अंगठा तोंडात, किंवा नखं कुरतडली की पोटात. गिब्सननं म्हटलं, मुलांचा हात पोचेल तिथं हा रंग लावूच नका.

सगळ्यांना हे लगेच पटलं नाही. जगात इतरत्र असं कुणी फारसं नोंदवलेलं नव्हतं, त्यामुळे हा क्वीन्सलँडचाच काहीतरी प्रकार असणार असं लोकांना वाटायचं. इतरत्र कुणी बघितलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता. १९१४ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सच्या दोन डॉक्टरांनी एका पाच वर्षांच्या मुलाची नोंद छापली. तो आपल्या पलंगाच्या कठड्याचा रंग दातांनी कुरतडायचा. तो वाचला नाही.

क्वीन्सलँडनं अखेर १९२२ साली कायदा केला आणि घराच्या बाहेरच्या बाजूला, व्हरांड्याला, कुंपणाला, म्हणजे मुलांचा हात पोचतो अशा ठिकाणी शिशाचा रंग लावायला बंदी घातली. या बाबतीत ते जगात फार पुढं होते. किती पुढं ते बघा. त्याच्या आदल्या वर्षी, १९२१ मध्ये, जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं सफेद्याबद्दल करार केला होता. चांगला करार. पण बंदी होती ती इमारतीच्या आतल्या रंगकामाला. बाहेरचं मोकळंच राहिलं. विचार कामगाराचा होता. बंद खोलीत रंगाऱ्याला जास्त त्रास होतो, बाहेर वारा असतो, असा हिशेब. बाहेरच्या भिंतीजवळ खेळणारं मूल त्या हिशेबात नव्हतं.

आणि अमेरिका? तिथं १९२३ साली नॅशनल लेड या कंपनीनं मुलांसाठी रंगवायचं पुस्तक काढलं. त्यांच्या ‘डच बॉय’ रंगाचा तो टोपीवाला मुलगा घरातल्या शिसं असलेल्या वस्तूंना पार्टीला बोलावतो, अशी गोष्ट. मुलांनी ती चित्रं रंगवायची. घरांच्या रंगातल्या शिशावर तिथं देशभर बंदी आली १९७८ मध्ये. क्वीन्सलँडनंतर ५६ वर्षांनी.

आता धुण्याकडे येऊ. मला या सगळ्यात सर्वांत जास्त डाचणारी गोष्ट ही आहे, की रंगाची पूड सुटणं हा दोष आहे असं कुणी मानतच नव्हतं. उलट तो गुण! दरवर्षी पाऊस वरचा थर घेऊन जातो, त्याबरोबर धूळही जाते, घर पुन्हा पांढरंशुभ्र दिसतं. पुढं सफेद्याची जागा टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या रंगांनी घेतली. त्यांत शिसं असायला हवं असं नाही, पण पूड सोडण्याचा गुण त्यांनीही मुद्दाम ठेवला आणि ‘आपोआप स्वच्छ होणारा रंग’ म्हणून विकला. म्हणजे घर धुण्याचं काम पावसावर सोपवलेलं. आणि शिशाच्या रंगाच्या घरांवर पाऊस तेच काम दशकानुदशकं करत होता. थोडं थोडं शिसं भिंतीवरून खाली.

खाली म्हणजे नेमकं कुठं? आपल्याकडे यासाठी सुंदर शब्द आहे, पागोळी. कौलावरून पाण्याची धार जिथं पडते ती रेघ. भिंतीच्या कडेची, पागोळीखालची माती. जुन्या लाकडी घरांच्या आवारात मातीचे नमुने तपासले की शिसं बहुतेक वेळा भिंतीलगत जास्त सापडतं आणि लांब जावं तसं कमी होतं. शिसं सडत नाही, कुजत नाही, उडून जात नाही. पडलं तिथं राहतं. घराला नंतर दहा वेळा नवा रंग लावला, मालक बदलले, तरी ती माती तीच.

त्या मुलांचं पुढं काय झालं? बहुतेक ठिकाणी हा प्रश्न कुणी विचारत नाही. ब्रिस्बेनला विचारला. १९३० च्या आसपास नाय नावाच्या तिथल्या डॉक्टरला दिसलं की क्वीन्सलँडमध्ये तरुण माणसं मूत्रपिंडाच्या आजारानं फारच मरतायत. त्यानं बोट दाखवलं ते लहानपणीच्या शिशाकडे. मग १९५४ मध्ये हेंडरसननं जुनी रजिस्टरं काढली. १९१५ ते १९३५ या काळात मुलांच्या इस्पितळात शिशाची बाधा म्हणून नोंदलेली ४०१ मुलं. त्यांचा माग काढला. १६५ जण मेलेले निघाले. चाळिशी कुणीच गाठली नव्हती, आणि निम्म्याहून जास्त मृत्यू मूत्रपिंड आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचे. कठडा धरून उभं राहिल्याचा हा हिशेब वीस-तीस वर्षांनी आला.

इथं कुणी म्हणेल, ताई, ही गोऱ्यांची लाकडी घरं, आपला काय संबंध? बरोबर आहे, आपली गोष्ट वेगळी आहे. पण संबंध आहे.

आपल्या गावाकडच्या भिंतीला काय लागायचं? चुना. चुनकळी पाण्यात विरवायची, थोडी नीळ टाकायची, कुंच्यानं मारायचा. खाली गेरूचा पट्टा. चुन्याचं घर कुणी धुत नव्हतं. पावसाळा ते धुऊन टाकायचा आणि दसरा-दिवाळीच्या आधी नवा हात फिरायचा. इथंही पूड पागोळीखाली जायचीच, पण ती होती चुन्याची. म्हणजे शेवटी चुनखडीच. मातीला त्यातून विष काही नाही. हातापायांना झोंबतो तो ताजा चुना, तेवढंच. त्यामुळे ‘रंगवलेलं घर बाहेरून धुताना काय जपायचं’ असा प्रश्नच आपल्या आजीला कधी पडला नाही.

शिसं मात्र आपल्याला अनोळखी नव्हतं. शेंदूर! तो मुळात शिशाचाच, शिशाचं लाल-नारिंगी ऑक्साइड. देवाच्या दगडावर पुटंच्या पुटं चढलेली आपण बघतो. आणि इंग्रजी अमदानीत लोखंडाला गंज लागू नये म्हणून पहिला हात मारायचे तोही याच ‘रेड लेड’चा.

मग तैलरंग आला. ऑइल पेंट. चाळीचे लाकडी कठडे, जिन्याचे कठडे, दारं, खिडक्यांचे गज, लोखंडी गेट. धुता येतो, चमकतो, टिकतो. भिंतींना डिस्टेंपर आणि नंतर प्लास्टिक पेंट आले. पाण्यात कालवायच्या या रंगांत शिसं साधारणपणे कमी निघतं. प्रश्न जास्त आहे तो तैलरंगाचा, त्यातही झगझगीत पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांचा, कारण तो पिवळा बऱ्याचदा लेड क्रोमेटचा असे. (हाच पिवळा हळदीत भेसळ म्हणूनही सापडतो. त्यावर वेगळा भाग करावा लागेल.) टॉक्सिक्स लिंक या दिल्लीच्या संस्थेनं २००७ पासून दुकानातले डबे आणून तपासले आणि तैलरंगांत भरपूर शिसं आहे हे दाखवत राहिली. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये नियम काढला: घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको. लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून.

२०१७. म्हणजे आज कॉलेजात असलेल्या तुमच्यापैकी सगळ्यांचा जन्म त्याच्या आधीचा. आणि तो नियम नवीन डब्यांना आहे. कठड्यावर आधीच बसलेल्या आठ थरांबद्दल तो काही म्हणत नाही.

आणि नेमक्या याच काळात प्रेशर वॉशर स्वस्त झाला. पूर्वी तो गाड्या धुणाऱ्या सेंटरवर असायचा, आता ऑनलाइन मागवता येतो. गावचा वाडा, मामाची चाळीतली खोली, आजोळचा बंगला, दिवाळीच्या आधी ‘चल, मारून टाकू धार’. रीलही होते. पाऊस जे काम तीस वर्षांत करायचा ते ही बंदूक अर्ध्या तासात करते. सुटलेली पूडच नाही, धरून बसलेल्या खपल्याही उडवते. त्या तुकडे होऊन वीस फूट लांब जातात, शेजाऱ्याच्या वाळवणावर, तुळशीत, खाली खेळणाऱ्या पोरांच्या वाळूत.

तेव्हा इतिहासातून कामाचं जे निघतं ते सांगते. रंग कधीचा आहे ते घरातल्या मोठ्यांना विचारा. २०१७ च्या आधीचा तैलरंग असेल तर शिसं आहे असं धरूनच चाला. गडद रंगाचं ओलं फडकं घासून बघा. भुकटी आली तर थर सुटतोय. पण त्यात शिसं आहे का हे फडकं सांगत नाही, त्यासाठी खपलीचा नमुना लॅबमध्ये द्यावा लागतो. शंका असेल तिथं बंदूक नकोच. बादली, साबणाचं पाणी, स्पंज. खालून वर धुवत जा, म्हणजे कोरड्या भागावर मळक्या पाण्याचे ओघळ बसत नाहीत. मग वरून खाली हलक्या पाण्यानं विसळा. सुटलेली खपली काढायची तर आधी ओली करून. कोरडा सँडपेपर किंवा ग्राइंडर लावला की तेच शिसं हवेत जातं आणि थेट फुप्फुसात. अमेरिकेत १९७८ च्या आधीच्या घरांना हात लावणाऱ्या कंत्राटदारांना २०१० पासून प्रशिक्षण सक्तीचं आहे, आणि बाहेरचं काम असेल तर भिंतीपासून दहा फुटांपर्यंत जमिनीवर प्लास्टिक अंथरावं लागतं. आपल्याकडे सक्ती नाही, पण ताडपत्री आहे. ती अंथरा, कडा उचलून धरा, खपल्या गोळा करून पिशवीत बांधा. ते पाणी झाडांना घालू नका. त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बाई दुसऱ्या घरी. कामाचे कपडे वेगळे धुवा, चपला बाहेर.

दोन गोष्टी शिशाच्या नाहीत, पण दरवर्षी त्यावरून गडबड होते. भिंतीवर शेवाळ असेल तर लोक ब्लीच मारतात, आणि उरलेल्या डागाला टॉयलेट क्लीनर. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, जो पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला होता. आणि धुवायच्या आधी बाहेरच्या दिव्यांचा, पंपाचा, डोअरबेलचा मेन स्विच बंद करा. शिडीवर चढून बंदूक चालवायची कल्पना तर सोडूनच द्या. तिचा झटका मागे बसतो आणि शिडी तुमच्याबरोबर येते.

जुना वाडा असेल, चुन्याचा गिलावा असेल, तर तिथं प्रश्न उलटा आहे. रंग निरुपद्रवी, पण भिंत मऊ. जोराची धार गिलावा पोखरते, पाणी आत मुरतं, आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे धरतात. तिथं मऊ कुंचा आणि नवा चुना, आजीचीच पद्धत.

राहिला मातीचा मुद्दा. परसात भिंतीलगत, जिथं पागोळी पडते आणि मोरीचं पाणी जातं, तिथंच आपण अळू लावतो. ओल असते म्हणून. वर तैलरंगाचे जुने वासे, खिडक्या किंवा कठडा असेल तर तेवढं अळू तिथून हलवा. कुंडीत नवी माती घालून लावा किंवा भिंतीपासून चांगलं लांब. पालेभाजीच्या पानावर माती उडते आणि कंद मातीतच वाढतात, म्हणून हे दोन त्या जागी नकोत. भेंडी, टोमॅटो त्यामानानं बरे. आणि भिंतीच्या कडेची ती उघडी माती तशीच ठेवू नका. वर नवी माती टाकून हिरवळ लावा किंवा फरशी घाला, म्हणजे रांगतं मूल तिथं मुठी भरणार नाही.